इथं मत नसलेली

माझी लेक वसमतच्या शाळेत बसली ती एका बाईंमुळं. आम्ही हळदीच्या कामाला लांबून आलेलो. मी चौथीतच शाळा सोडलेली, लेकीचंही तसंच होईल ही धास्ती. हेडमास्तर म्हणाले, "हळद शिजली की जाणार तुमी, काहून नाव घालता?"

त्याच शाळेतल्या बाई नोकरी सोडून निवडणुकीला उभ्या होत्या. हात जोडण्याआधी ते अजून खडू लागल्यासारखे पदराला पुसायच्या. आमच्या पालापाशी त्यांनी जीप थांबवली. मी रडतच सगळं सांगितलं. कार्यकर्ता कुजबुजला, "बाई, चला. हिचं मत न्हाई इथं."

"मत न्हाई, लेकरू तर हाय ना?"

प्रचार सोडून बाई पोरीला हाताला धरून वर्गात बसवून आल्या.

माझ्या मताशिवायच त्या निवडून आल्या. आता आम्ही इथंच राहिलोय. पुढच्या निवडणुकीत सकाळी पहिलं मत माझं, बाईंना.