यंत्र एक, रीडिंग आपापलं

मुलीसाठी स्थळ बघताना बाप जेवढ्या चौकशा करत नाही, तेवढ्या आमच्या विद्यापीठातले लॅबवाले काका एक प्रिझम हातात देण्याआधी करत. हात धुतले का, केसांना तेल लावून तोच हात घेऊन आली का, आणि मुख्य म्हणजे घाईत तर नाही ना? घाईतल्या माणसाला ते टाचणीसुद्धा देत नसत. हुद्द्यानं ते लॅब अटेंडंट. पण भौतिकशास्त्र विभागात विभागप्रमुखांचं ऐकलं नाही तरी चालायचं, काकांचं ऐकावंच लागायचं, कारण कपाटाच्या किल्ल्या काकांच्या करदोट्याला होत्या.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. शहरात लाल दिव्याच्या गाड्या वाढल्या, आमच्या लॅबमध्ये फक्त विद्यार्थी वाढले. प्रिझमचे कोन मोजायचे स्पेक्ट्रोमीटर होते तेवढेच राहिले, म्हणजे दोन, आणि त्यातला एक काकांच्या भाषेत ‘आजारी’. उरलेल्या एकावर सारी बॅच. काकांनी त्याच्या पंगती लावल्या होत्या. पहिली पंगत उठल्याशिवाय दुसरीनं जवळ यायचं नाही, आणि उठताना यंत्राचे सगळे स्क्रू सैल करून उठायचं. “दिवसभर आवळून ठेवलं तर त्याचंबी अंग दुखते,” असं ते सांगत. हा नियम तीन वर्षांत कुणी पाळला नाही. लॅब सुटली की काकाच एकेक स्क्रू सैल करत बसत, सासरहून आलेल्या लेकीच्या वेणीचा गुंता सोडवावा तसे.

एकदा रसायनवाल्या मॅडम हे यंत्र मागायला आल्या. विभागप्रमुख म्हणाले, “द्या हो काका, विज्ञान एकच आहे.” काका म्हणाले, “विज्ञान एकच हाये सर, पण यंत्रबी एकच हाये!” शेवटी दिलं, पण स्वतःच्या शालीत गुंडाळून. तिसऱ्या दिवशी खुशाली विचारायला गेले, तर प्रिझम ठेवायच्या चकतीवर चहाचा कप! काकांनी कप उचलून मॅडमच्या हातात दिला आणि यंत्र कडेवर घेऊन परत आले. त्यानंतर महिनाभर ते रसायनच्या दारावरून गेले नाहीत, मागच्या जिन्यानं जात.

दुसऱ्याचं रीडिंग आपल्या वहीत उतरवणं, याला काकांचा शब्द होता ‘उष्टं’. “ताट एक असलं तरी घास आपापला घ्यावा. उष्टं काहून खाऊन राहिली पोट्टी?” असं ते भर लॅबमध्ये विचारत, आणि विचारलेली पोट्टी आठवडाभर मान वर करत नसे.

मी गोल बाजारात भांड्यांना कल्हई करणाऱ्याची मुलगी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी आजही कुणी न विचारता सांगते. बाबांची अट एकच होती, मी पहिल्या झटक्यात बी.एस्सी. झाले तर धाकटीला कॉलेजात घालायचं, नाहीतर तिनं घरीच बसायचं. सोडियमचा दिवा तापायला वेळ घेतो. तेवढ्या वेळात एकदा मी हे काकांना सांगून टाकलं होतं.

शेवटच्या प्रॅक्टिकलला माझ्या चिठ्ठीत स्पेक्ट्रोमीटरच निघाला. माझ्याआधी त्यावर तात्यापारा मोहल्ल्यातला एक पोरगा होता, आडनावानं मराठी, तोंडानं हिंदी. त्याचं काम संपलं. त्यानं यंत्राला नमस्कार केला आणि काकांना शेवटच्या दिवशी तरी बरं वाटावं म्हणून, तीन वर्षांत पहिल्यांदाच, सगळे स्क्रू सैल करून उठला! मी बसले तेव्हा ती चकती पाण्यातल्या डोंग्यासारखी डुलत होती. लेव्हलचा बुडबुडा मधोमध आणण्यातच माझा अर्धा वेळ गेला. पोरगा ओशाळला. कुजबुजला, “दीदी, मेरी रीडिंग लिख ले ना. मशीन एक, तो रीडिंग भी एक.”

खोटं कशाला बोलू, पेनाचं टोपण मी काढलं होतं. डोळ्यांपुढे धाकटी होती. मान वर केली तर समोर काका. परीक्षेत त्यांना बोलायची मनाई, ते नुसतेच बघत होते. मी टोपण लावलं. तशी काका वळले आणि सरळ बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे जाऊन उभे राहिले.

“साहेब, चूक माही हाये. स्क्रू सैल करायचा कायदा माहा. या पोट्टीचा वेळ माह्या कायद्यानं खाल्ला. तिले अर्धा तास द्या.”

काकांनी चूक कबूल केली, हे ऐकून परीक्षकांपेक्षा आमचे विभागप्रमुखच जास्त घाबरले. अर्धा तास मिळाला. माझ्या प्रिझमचा कोन हव्या त्या साठ अंशांना थोडा कमी आला, पण माझा आला.

निकाल लागल्यावर पेढे घेऊन मी पुरानी बस्तीत त्यांच्या घरी गेले. मार्क किती, हे त्यांनी विचारलंच नाही.

“धाकटी कवा येते?”

“या जुलैत. बाबा हो म्हणाले.”

“घेऊन ये. पहिल्या दिवशी मीच तिले यंत्र दाखवतो. कपाट उघडून...”

आतून काकूंचा आवाज आला, “अहो, कोणतं कपाट? रिटायर झाले ना तुम्ही!”

काकांचा पेढा हातातच राहिला. मग “हव,” म्हणाले, अगदी हळू. मी चपला घालत होते, तर दारापर्यंत आले.

“तरीबी घेऊन ये तिले. इथंच आण, घरी. हात हलका हाये का जड, तेवढं तरी पाहू दे.”