उद्यापनाला नवरा लागतो

उपवासाविरुद्ध पत्रकं वाटणारी मी त्या आठवड्यात एका पूजेसाठी बापाच्या मागं लागले होते. आजही आठवलं की अंगात वारं शिरतं.

आई दर सोमवारी दिवसभर उपाशी. शुगरच्या गोळ्या चालू, डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितलेलं, आणि श्रावणात ती नळावर चक्कर येऊन पडली. कोरेगावच्या बाजारात मी वाटलेलं पत्रक तिच्या हातात दिलं : 'नवऱ्याच्या आयुष्यासाठी बाईचंच पोट का?'

तिनं वाचून घडी घातली. "बरं लिवलंयस. पण सोमवार सुटायचा न्हाई."

"का?"

"तुझा बाप सीमेवर हुता तवा म्हादेवाला नवस बोलले हुते. सुखरूप घरी येऊ दे, मग उद्यापन करीन."

"आई, आबा रिटायर होऊन सहा वर्षं झाली."

"व्हय. पण उद्यापनाला जोडीनं बसाय लागतं. ते म्हणत्यात, बायकांच्या कामात मला वढू नका."

म्हणजे ज्याच्या जिवासाठी उपास, त्याला तासभर पाटावर बसायची लाज. म्हणून ही सहा वर्षं उपाशी.

आबा अंगणात दाढी करत होते. "आबा, तुमच्या ड्युटीवरनं आईला अजून सुट्टी मिळाली न्हाई," म्हणत मी सगळं सांगितलं.

हातातलं रेझर थांबलं. "मला वाटलं, तिला हौस हाय."

"हौसेनं कुणाला चक्कर येत न्हाई."

साबण गालावर वाळून गेला. मग म्हणाले, "येत्या सोमवारी बसतो. पण मला धोतर नेसता यायचं न्हाई."

"पँटवरच बसा," आई आतनं म्हणाली. "म्हादेवाला चालतंय."

बसले. शेजारणी दारातनं बघत होत्या. देव न मानणारी मी ताटात बेल मांडत होते.

पुढच्या सोमवारी सकाळी नऊला आईनं गोळी घेतली, भाकरी मोडली. "आवं, या खायाला."

"न्हाई. आजपासनं सोमवार मी धरलाय. तुझ्यासाठी."

मी टाळीच वाजवली. आईनं विचारलं, "रात्री साबुदाणा भिजवलाय का?"

दर एकादशीला दोन-दोन वाट्या खिचडी चापणाऱ्या माणसाला तो भिजवावा लागतो हेच ठाऊक नव्हतं. आबांनी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी जागची हलले नाही.

"मग बसा तसंच," आई म्हणाली, आणि ठेच्याला भाकरी लावून खाऊ लागली.