दोन भोवरे

आमच्या गल्लीतले चाचा कात्री धरण्याआधी गिऱ्हाइकाचं डोकं खरबुजासारखं फिरवून बघतात आणि गाव ओळखतात. पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "दोन भोवरं! पावणं राधानगरीच्या वरच्या वाडीचं."

"आमच्या वाडीत सगळ्यांनाच दोन आहेत."

"असणारच की. दोघं भाऊ रान तोडून तिथं ऱ्हायला गेलते. पुढं सोयरिकी बी आपापसातच. बाहेरचं डोकंच आलं न्हाय, मग येगळा भोवरा कुठनं येणार?"

मी भडकलो. "चाचा, आमच्या घराण्यावर जायचं काम नाही!"

चाचांनी शांतपणे जाळीची टोपी काढली आणि डोकं माझ्यापुढं वाकवलं. दोन भोवरे.

"तिसरा भाऊ खालीच ऱ्हायलाता," ते म्हणाले. "आता हलू नका, हातात वस्तरा हाय."