वीज गेल्या रातीला

नानांचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत बसले होते. "मंजू, गुलाब गेली," एवढंच म्हणाले. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली, डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं, हे मला नंतर शेजाऱ्यांकडून कळलं. त्या क्षणी मनात राहिलं ते एकच, नाना 'गुलाब' म्हणाले. आम्हा सगळ्यांसमोर ते त्यांना 'गुलाबबाई' म्हणत, अहोजाहो करत. दोघंच असताना काय म्हणत असतील ते त्यांचं त्यांना ठाऊक. ते घरातलं, दोघांपुरतं नाव त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या कानावर पडलं, आणि मग मला रडू आवरेना...

गुलाबताई म्हणजे माझ्या वडिलांच्या, नानांच्या, दुसऱ्या पत्नी. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. नाना भिवंडीतल्या एका हायस्कुलात हेडक्लार्क होते. निवृत्त झाल्यावर दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे, स्वतःचा भात स्वतः लावायचे आणि रविवारची वाट बघायचे. दर रविवारी दुपारी आमच्या आळीतल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये जुन्या गाण्यांची बैठक भरे. जमणारे सगळे निवृत्त पुरुष. गाणी मात्र बहुतेक प्रेमाची, आणि त्यातही द्वंद्वगीतं! गाणारी बाई एकही नसल्यामुळे पेटी वाजवणारे जोशीकाका बारीक आवाज काढून नायिकेच्या ओळी म्हणत आणि बाकीचे खाली मान घालून हसू दाबत. मी कधीमधी नानांचा डबा द्यायला जाई तेव्हा हा सोहळा पाहिलेला आहे.

अशाच एका रविवारी दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, फिकट रंगाची सुती साडी, कपाळ मोकळं. भिवंडीजवळच्या पूर्णा गावाहून रिक्षा बदलत आल्या होत्या. कुणाकडे आलात, असं नानांनी विचारलं, तर म्हणाल्या, "हितं गानी बोलतात ना? मना बी बोलायची हायत."

गुलाबताई ऐन विशीत विधवा झाल्या आणि माहेरी, पूर्णा गावात, धाकट्या भावाकडे परत आल्या. भाऊ बाळाराम. तेव्हा त्याची भातशेती होती आणि घरामागे कापड विणायचे चार लूम. पुढे शेतीच्या जागी मोठमोठी गोदामं आली, बाळाराम गावातला मोठा माणूस झाला. त्याची मुलं गुलाबताईंनी वाढवली. गाणी त्या शिकल्या त्या लूमवरच. कारागीर रेडिओ मोठ्यानं लावून काम करायचे, आणि गुलाबताई भिंतीपलीकडे स्वयंपाक करता करता कान देऊन ऐकायच्या. "खटखटीत अर्धा गाना ऐकू यायचा," त्या सांगत, "अर्धा मी माझ्या मनानं भरायची." त्यामुळे त्यांच्या प्रत्येक गाण्यात निम्मे शब्द त्यांचे स्वतःचे होते. एका गाण्यात 'विरहाच्या रातीला' असं येतं. गुलाबताई म्हणत, 'वीज गेल्या रातीला'. पहिल्याच रविवारी जोशीकाकांनी पेटी थांबवून चूक दुरुस्त केली. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडं तर वीजच जाते." हॉलभर हशा पिकला. नाना तेवढे हसले नाहीत. "वीज गेली की माणूस कुणाची तरी आठवण काढत बसतोच," ते म्हणाले, "अर्थ तोच आहे की." मला वाटतं, सुरुवात तिथेच झाली.

पुढच्या वर्षी वाचनालयाच्या वर्धापनदिनाला या मंडळींचा कार्यक्रम ठेवला होता. दुपारची वेळ, हॉल भरलेला, माइक, सीडीवर वाजणारं तयार संगीत, सगळा थाट. नाना आणि गुलाबताई द्वंद्वगीताला उभे राहिले. पहिलं कडवं झालं आणि भारनियमनानं घात केला. पंखे थांबले, माइक गेला, सीडी गेली. भिवंडीत वीज जाते तेव्हा नुसता अंधार होत नाही, शांतता होते. आजूबाजूच्या आळ्यांमधले सगळे लूम एकदम बंद पडतात आणि एरवी आपण काय आवाजात जगत असतो ते तेव्हा कळतं. त्या शांततेत गुलाबताई थांबल्या नाहीत. त्यांनी दुसरं कडवं उचललं, आणि बरोबर तीच ओळ आली, 'वीज गेल्या रातीला'. लोक हसले, टाळ्या पडल्या, मग हळूहळू हसणं विरलं. नुसता आवाज होता. जाडसर, जरासा खरखरीत, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. नानांनी पुढची ओळ माइकशिवाय घेतली. माझ्या शेजारी बसलेल्या एका आजींनी माझा हात धरला होता, त्या ओळखीच्याही नव्हत्या. गाणं संपलं तेव्हा गुलाबताई नानांना म्हणाल्या, "आज पयल्यांदा पुरा ऐकला मी ह्यो गाना."

पंधरा-वीस दिवसांनी नाना माझ्याकडे आले. चहा झाला, हवापाणी झालं, तरी उठेनात. शेवटी कपाकडे बघत म्हणाले, "मी लग्न करायचं म्हणतोय." मला आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. मी म्हटलं, "त्यांना विचारलंत का?"

"नाही. आधी तुला."

"नाना, आधी त्यांना विचारायचं असतं."

त्यांनी विचारलं. त्या हो म्हणाल्यावर नाना आणि मी रीतसर पूर्ण्याला गेलो. दोन्ही बाजूंना गोदामं, मालाचे कंटेनर, आणि मधेच बाळारामशेठचं नवं घर. त्यानं आदरानं बसवलं, सरबत दिलं आणि ऐकून घेतल्यावर तोंड फिरवलं. "मास्तर, या वयात ही थेरं? गावात मी तोंड कुठं दाखवू? तिला हितं काय कमी हाय?" नाना मास्तर नव्हते, पण हे सांगायची ती वेळ नव्हती. ते काही बोलणार तेवढ्यात गुलाबताई पदराला हात पुसत आतून आल्या. "भाऊ," त्या म्हणाल्या, "त्यांनी मना इचारलाय. तुला न्हाय." आवाज चढला नव्हता. बाळाराम उठून बाहेर निघून गेला. रजिस्टर लग्नाला तो आला नाही. त्यानंतर बरेच दिवस फोनही नाही. गुलाबताई त्याबद्दल बोलत नसत, पण श्रावण संपेपर्यंत त्यांनी राखी जपून ठेवली होती, ते मी पाहिलं होतं.

मी त्यांना गुलाबताईच म्हणत राहिले. माझ्या मुलीनं, ईशानं, मात्र पहिल्या दिवसापासून गुलाबआजी केलं. ईशाच्या मोबाइलमध्ये तेव्हाची नवी गाणी भरलेली. आजीची गाणी तिला संथ वाटत. अकरावीत असताना तिचं कुणाशी तरी बिनसलं. कुणाशी ते तिनं आम्हाला सांगितलं नाही. दोन दिवस नीट जेवली नाही. गुलाबताई आल्या, काही न विचारता तिच्या खोलीत जाऊन बसल्या आणि तिच्या केसांना तेल लावता लावता गुणगुणू लागल्या. मी दाराबाहेर थबकले होते. बऱ्याच वेळानं ईशाचा आवाज आला, "आजी, तुमच्या वेळी पण असं व्हायचं?"

"माझ्या वेळी?" गुलाबताई हसल्या. "बाय, माझी वेळ तर आता कुठं सुरू झालीय."

त्या दिवसापासून ईशा त्यांच्याकडून गाणी शिकू लागली. इंटरनेटवर तिनं मूळ गाणी शोधून काढली, खरे शब्द तिला कळले, तरी ती म्हणायची आजीचेच. ही गाणी इतकी वर्षं का टिकली, असं मला कुणी विचारलं तर मला हेच आठवतं. पूर्ण ऐकू न आलेल्या गाण्यात ज्याला त्याला आपलं काहीतरी घालता येतं. सोळा वर्षांच्या मुलीला आणि साठीच्या बाईलाही.

बाळाराम आला तो धाकट्या मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन. नानांच्या दारात उभा राहिला, आत येईना. "पोऱ्याची हलद हाय," तो म्हणाला. "तू वाढवलास त्याला. तू न्हाय आलीस तर..." गुलाबताईंनी त्याला हाताला धरून आत घेतलं, पाणी दिलं, मग म्हणाल्या, "येन. पन जनी माझ्याबरोबर पुढं बसंल."

जनाबाई म्हणजे पूर्ण्यातल्या त्यांच्या शेजारीण, त्याही तरुणपणीच विधवा झालेल्या. गावातल्या हळदी या दोघींच्या गाण्याशिवाय कधी झाल्या नव्हत्या, पण नवऱ्यामुलासमोर बसून नव्हे, तर मागे, बायकांच्या गर्दीआड, चुलीजवळ. आता गुलाबताईंच्या कपाळावर कुंकू होतं, त्यांना पुढे बसायला कुणाची ना नव्हती. त्यांना ते एकटीनं नको होतं. बाळारामनं पाण्याचा रिकामा पेला खाली ठेवला आणि तो म्हणाला, "बसंल."

हळदीला आम्ही सगळे गेलो होतो. मांडवात डीजेच्या भिंती उभ्या होत्या. गुलाबताईंनी डीजे बंद करायला लावला आणि जनाबाईंचा हात धरून सरळ पाटासमोर जाऊन बसल्या. दोन-चार म्हाताऱ्या कुजबुजल्या. बाळाराम मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, त्यानं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्या गप्प झाल्या. आधी रीतीची हळदीची गाणी झाली. मग गुलाबताईंनी आपलं रेडिओवरचं प्रेमाचं गाणं सुरू केलं. जनाबाईंनाही ते पाठ होतं, भिंतीपलीकडून त्यांनीही तेच ऐकलं होतं! फक्त गाळलेल्या जागी त्यांचे शब्द वेगळे होते. दोघी आपापले शब्द म्हणत राहिल्या, आणि नवरा मुलगा हळदीनं माखलेल्या तोंडानं रडत-हसत त्यांच्याकडे बघत होता.

त्यानंतरची दोन वर्षं सुखाची गेली. गुलाबताईंना शेवटचा खांदा द्यायला नानांच्या शेजारी बाळाराम होता.

परवा, बऱ्याच आठवड्यांनी, नाना पुन्हा रविवारच्या बैठकीला गेले. मी आणि ईशा सोबत होतो. अलीकडे बैठकीला बायकाही येतात. जनाबाई पूर्ण्याहून आल्या होत्या, आळीतल्या आणखी तिघी-चौघी होत्या. जोशीकाकांनी नानांना सोयीची, खालची पट्टी धरली. नानांनी मानेनं नको म्हटलं आणि वरची धरायला सांगितली. ती गुलाबताईंची पट्टी. त्यांच्यासाठी नाना नेहमी तिथूनच सुरुवात करत आणि आपल्या ओळी कशाबशा ओढत. "अहो, झेपणार नाही," जोशीकाका म्हणाले. "राहू द्या," नाना म्हणाले, "मला दुसरीकडून सुरूच करता येत नाही."

त्यांनी सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला आवाज चिरकला, तिसरीला थांबलाच... क्षणभर नुसती पेटी वाजत राहिली. मग मागून जनाबाईंनी ओळ उचलली, ईशानं उचलली, बाकीच्या बायकांनीही उचलली. कुणाचे शब्द कुणाशी जुळत नव्हते. नाना डोळे मिटून मांडीवर ताल धरत होते, आणि कडवं संपताच त्यांनी डोळे न उघडताच बोटानं खूण केली, पुढचं घ्या.