ड्रायव्हरच्या शेजारची जागा

ज्योतिबा कोळप्यांची घराची गाडी कारेगावात आली, तेव्हा सगळी गल्ली ती बघायला लोटली. पुण्यातल्या कुणा हौशी माणसानं जुन्या मिनीबसचं रूप पालटून ती बनवली होती. गुडघे बोलायला लागले तशी त्यानं विकायला काढली. आत बाकं होती, ती जोडली की पलंग व्हायचा. ओटा होता, शेगडी होती, वाटीएवढं बेसिन होतं आणि मागं पडद्याआड संडाससुद्धा होता. कंपनीत कामाला असलेली, शेजारच्या खोल्यांत भाड्यानं राहणारी बिहारची पोरं पायरीवर चढून आत डोकावली. "चाचा, ये तो पूरा फ्लॅट है!" एकजण म्हणाला आणि ज्योतिबांचा चेहरा फुलला.

त्यांच्या बायकोनं, सुषमाबाईंनी, गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला, चाकाखाली लिंबू ठेवलं. चारचौघींसारखे हात जोडले. पण हात जोडताना त्यांच्या तळव्यांना घाम सुटला होता.

ज्योतिबांचा जन्म मेंढरांमागच्या वाटेवरचा. आईबाप दरसाल दिवाळी झाली की घोड्याच्या पाठीवर संसार लादून कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. ज्योतिबांनी ते सोडलं. रांजणगावात कारखाने आले तसे ते कामगारांची बस चालवायला लागले आणि म्हातारे होईस्तोवर तेच करत राहिले. एवढ्या वर्षांत बसला साधा ओरखडा नाही, हे ते पाहुण्यारावळ्यांना आवर्जून सांगत. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांना घर खायला उठलं. मोबाईलवर गाडीत राहून देश फिरणाऱ्यांचे व्हिडिओ बघायचा नाद लागला. मग अशा हौशी लोकांचा एक ग्रुप सापडला.

"आपलं मूळच फिरस्त्याचं हाय, सुषमे," ते म्हणायचे. "मेंढरं गेली, पर पायातली भिंगरी कुठं जातीय?"

सुषमाबाईंना त्यांची ही हौस कळत होती. गाडीत राहायचीही त्यांना ना नव्हती. भीती वेगळीच होती.

पावसाळ्याच्या अखेरीस दोघं भाच्याची कार घेऊन मुलीकडे, मोनिकाकडे, वाघोलीला निघाले होते. शिक्रापूरच्या अलीकडे रस्ता ट्रकांनी भरला होता. सुषमाबाई काहीतरी बोलत होत्या आणि त्यांना उत्तर मिळेना. कार हळूहळू उजवीकडे कलायला लागली. त्यांनी वळून बघितलं. ज्योतिबांचे डोळे उघडे होते, हात स्टिअरिंगवर होते, पण ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते. बाजूनं कंटेनर घासून चालला होता.

"अवो! अवो, बघताय कुठं?" त्या ओरडल्या आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढलं. कार मुरुमावर जाऊन बंद पडली.

थोड्या वेळानं ज्योतिबा झोपेतून उठल्यासारखे म्हणाले, "काय झालं? तू स्टिअरिंग कशापायी धरलंस?"

त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. "डुलकी लागली असंल," ते म्हणाले. मग हलक्या आवाजात बोलले, "मोनीला सांगू नगंस. ती मला घराबाहेर पडू देनार न्हाई."

सुषमाबाईंनी शब्द दिला. पुढं एकदा जेवताना ज्योतिबांचा भाकरीचा तुकडा हातातच राहिला आणि ओठ तसेच हलले. त्या ताटावरून उठून मोरीत गेल्या, नळ सोडून उभ्या राहिल्या. डॉक्टरकडे चला म्हटलं की ज्योतिबा चिडत. गाडी तर दारात येऊन उभी राहिली होती. त्यांच्या आनंदावर आपणच कसं पाणी ओतायचं, असं म्हणत एकेक दिवस गेला. फक्त एक दिवस त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारून घेतलं, "अवो, हिचा हँडब्रेक कुठला?"

ऊसतोडणी सुरू झाल्यावर ग्रुपचा मेळा मांडवगण फराट्याला ठरला. तिथल्या मारुतरावांकडेही अशी गाडी होती. मोठे बागायतदार, गावात शब्दाला वजन असलेले. त्यांनी आपलं ऊस तुटलेलं एक वावर सपाट करून दिलं होतं. न्हावऱ्यावरून जाताना समोरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर येत. प्रत्येक ट्रॅक्टर पार होईपर्यंत सुषमाबाई रस्त्याकडे न बघता नवऱ्याच्या ओठांकडे बघत होत्या.

"माझ्या तोंडाकडं काय बघतीस? समोर बघ की, कसली झाक हवा हाय," ज्योतिबा हसून म्हणाले.

वावरात गाड्या गोलात उभ्या होत्या. ज्योतिबांची गाडी आत शिरली तशा टाळ्या पडल्या. मारुतराव पुढं होऊन म्हणाले, "या, कोळपे! जागा राखून ठेवलीय तुमच्यासाठी." दौंडच्या शाळेत शिकवणारी राजनंदिनी स्वतःची गाडी स्वतः चालवत आली होती. नव्या माणसाला शिकवायचं काम तिनं हौसेनं अंगावर घेतलं. कुठल्या चाकाखाली फळी सरकवली की गाडी समतल होते, ते ओट्यावर पाण्याची वाटी ठेवून दाखवलं. टाकी कशी भरायची, झोपण्याआधी गॅसचा खटका का बंद करायचा, मागची घाण कुठं आणि कशी खाली करायची, सगळं सांगितलं. सुषमाबाईंनी डबे लावले, पडदे बांधले, दारापुढं सडासुद्धा घातला. मारुतरावांच्या मंडळी, सारजाबाई, तो सडा बघून म्हणाल्या, "अगं बया, हिनं तर खरंच घर केलं की गं!"

घटकाभर सुषमाबाईंना बरं वाटलं.

मुक्कामावर सगळ्यांना धास्ती होती ती बिबट्याची. वावराच्या तिन्ही अंगांना उभा ऊस होता. बांधावर वनखात्याचा पिंजरा लावलेला होता आणि आत शेळी ओरडत होती. दिवस मावळायच्या आत सगळ्यांनी गोलाच्या आत यायचं, एकट्यानं उसाकडे जायचं नाही, असं मारुतरावांनी बजावलं होतं. पाचट वाजलं तरी बाया दचकत आणि एकमेकींचे हात धरत. सुषमाबाईही त्यांच्यात बसल्या होत्या. पण त्यांचे कान उसाकडे नव्हतेच. पलीकडे पुरुषांत ज्योतिबांचा आवाज चालू आहे ना, एवढंच त्या ऐकत होत्या.

आणि तो आवाज थांबला.

त्या उठून गेल्या. ज्योतिबांच्या हातातला कप तिरपा झाला होता, चहा मांडीवर सांडत होता आणि ते समोर बघत होते. कुणीतरी हसून म्हणालं, "मामा, कुठं हरवला?" सुषमाबाईंनी चटकन कप काढून घेतला आणि पदरानं त्यांची मांडी पुसली. "त्यांचं तसंच हाय, इचारात पडलं की भान राहत न्हाई," त्या हसत म्हणाल्या. आपलं ते हसू त्यांना स्वतःलाच परकं वाटलं. राजनंदिनी मात्र हसली नाही. ती बराच वेळ ज्योतिबांकडे बघत राहिली.

ज्योतिबा भानावर आले तेव्हा मारुतराव सांगत होते, "उद्या सकाळी सगळ्या गाड्या दौंडला न्यायच्या. भीमेच्या काठाला जेवण करू. आन् पुढची गाडी कोळप्यांची. आख्खा जन्म स्टिअरिंगवर काढलेला माणूस हाय, त्याच्या मागनं आपण निवांत जाऊ." सारजाबाईंनी लगेच जाहीर केलं, "मग मी तर सुषमाच्याच गाडीत बसणार. आमच्या बाया बी."

ती रात्र सुषमाबाईंनी कशी काढली ते त्यांनाच ठाऊक.

सकाळी इंजिनं सुरू झाली. सारजाबाई नवी नऊवारी नेसून, डबा कवटाळून आत येऊन बसल्या. त्यांच्या सुनेनं, राजश्रीनं, मांडीवर तान्ही पोर घेतली होती. आणखी दोघी बाकावर सरकून बसल्या आणि गाणं म्हणायला लागल्या. सुषमाबाई ड्रायव्हरच्या शेजारच्या जागेवर बसल्या. ज्योतिबांनी आरशाला हार घातला होता. त्यांनी गियर टाकला. मागं ती पोर खुदकन हसली. भीमेचा पूल सुषमाबाईंच्या डोळ्यांपुढं आला. पुलाचा कठडा, खालचं पाणी आणि नवऱ्याचे हलणारे ओठ.

त्यांनी हात लांब करून किल्ली फिरवली आणि काढून घेतली. गाडी गचका खाऊन थांबली.

"अगं, येडी झालीस का?" ज्योतिबा म्हणाले.

"खाली उतरा."

"सुषमे, मानसं बघत्यात. किल्ली दे."

"न्हाई देनार." त्यांचा आवाज फुटला. "तुमी गाडी चालवायची न्हाई. तुमचं डोळं उघडं राहत्यात आन् तुमी त्यात नसता! शिकरापुरात कंटेनरखाली जात व्हतो आपण. काल बी झालं, समद्यांच्या म्होरं झालं. मी झाकलं. आता मला झाकवत न्हाई." मग मागं वळून त्या म्हणाल्या, "काकी, उतरा. पोरीला घेऊन उतरा, पाया पडते."

गाणं बंद पडलं होतं. सारजाबाईंनी आधी राजश्रीला खाली उतरवलं. बाहेर माणसं गोळा झाली. ज्योतिबांनी कुणाकडेच बघितलं नाही. ते दार उघडून उतरले आणि बांधाकडे, उसाच्या दिशेनं चालायला लागले.

"कोळपे, तिकडं नका जाऊ!" मारुतराव ओरडले.

सुषमाबाई मागोमाग धावल्या. पिंजऱ्यातली शेळी त्यांना बघून ओरडायला लागली. ऊस डोक्याच्या वर गेलेला, आतला काळोख दिवसाउजेडीही तसाच. ज्योतिबा बांधावर बसले होते. सुषमाबाईंना वाटलं, आता ते आपल्याला बोलतील, कदाचित हातही उगारतील. आयुष्यात कधी उगारला नव्हता, पण सुषमाबाईंनीही आजवर नवऱ्याला असं चारचौघांत उघडं पाडलं नव्हतं.

"मला ठावं हाय," ज्योतिबा खाली बघत म्हणाले.

"काय?"

"मधीच कायतरी गळून पडतंय, ते. तू सांगायच्या आधीपास्नं ठावं हाय. घड्याळ बघावं तर काटा म्होरं गेलेला आसतो. मानूस बोलत आसतो, आन् त्याचं मधलंच बोलणं मला सापडत न्हाई." त्यांनी बांधावरचं ढेकूळ उचलून चुरलं. "मला लई भ्या वाटतंय, सुषमे. उद्या तू समोर आसशील आन् मी तुला वळखनार न्हाई. म्हनून गाडी घेतली. म्हनलं, हाय तवर फिरून घ्यावं. बोललोच न्हाई तर ते आपोआप जाईल, असं बी वाटायचं."

सुषमाबाई त्यांच्याशेजारी बांधावर बसल्या. उसात काहीतरी सळसळलं. दोघांनीही तिकडे बघितलं आणि दोघंही उठले नाहीत. शेवटी मारुतराव आणि चौघं काठ्या घेऊन आले, तेव्हा त्यांच्याबरोबर परतले.

दौंडचा बेत त्या दिवशी तसाच राहिला. राजनंदिनीनं सुषमाबाईंकडून किल्ली मागून घेतली. "मावशी, माझ्या वडलांना असंच व्हायचं. काल मला वाटलंच होतं, पण विचारायचा धीर झाला नाही," ती म्हणाली. आपली गाडी तिथंच ठेवून तिनं त्यांची गाडी शिरूरच्या दवाखान्यापर्यंत नेली. सारा रस्ता ज्योतिबा मागच्या बाकावर पडद्याकडे तोंड करून बसले होते. सुषमाबाई त्यांचा हात धरून होत्या.

पुढं पुण्याला तपासण्या झाल्या. डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला. फिटचाच प्रकार निघाला. अंगाला झटके न देणारी, माणसाला क्षणभर पुसून टाकणारी फिट. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, आटोक्यात राहील, पण गाडी चालवायची नाही. मोनिका आईवर रडून चिडली. "काही झालं असतं म्हणजे, आई?" तिनं विचारलं.

गाडी दारात धूळ खात उभी राहिली. ज्योतिबा तिच्या पायरीवर बसून राहत. विकून टाकू म्हणाले. गिऱ्हाईकही आलं. त्या माणसानं आत जाऊन ओट्यावर थापटून बघितलं आणि सुषमाबाई एकाएकी म्हणाल्या, "न्हाई विकायची. मी शिकते."

मैदानावर त्या पहिल्यांदा स्टिअरिंगला बसल्या तेव्हा गाडी गचके खाऊन बंद पडत होती. ड्रायव्हिंग स्कूलचा माणूस वैतागला की ज्योतिबा खिडकीतून हळूच सांगत, "क्लच सावकास सोड. तिला हिसका आवडत न्हाई." छोट्या कारवर परवाना मिळाला, मग मोठ्या गाडीवर हात बसला. भीती मात्र गेली नाही. ट्रक मागून हॉर्न द्यायला लागला की त्यांना अजूनही रस्त्याकडेला गाडी घालून रडावंसं वाटतं. त्या तसं सांगतातही, लपवत नाहीत.

यंदा मारुतरावांचा फोन आला, मेळा दौंडला आहे म्हणून. गोळ्या चालू असूनही त्याच्या आदल्या आठवड्यात ज्योतिबांचे ओठ एकदा हलले होते. जावं की न जावं, यावर दोघं दिवसभर बोलले. डॉक्टरांना फोन लावून विचारलं. मग निघाले.

भीमेच्या पुलावर सुषमाबाईंनी गाडी इतकी हळू केली की मागं रांग लागली. खालचं पाणी नजरेच्या कडेला दिसत होतं.

"बोलत ऱ्हावा," त्या समोर बघतच म्हणाल्या. "तुमचा आवाज आला पायजे."

"काय बोलू?"

"कायबी. तुमच्या आईचं सांगा."

ज्योतिबा सांगायला लागले. घाट उतरताना आई घोड्यावर कोंबड्या कशा बांधायची, पिल्लं टोपलीतून डोकी कशी बाहेर काढायची. मधेच त्यांचा आवाज थांबला. सुषमाबाईंनी रस्त्यावरून नजर काढली नाही.

"त्या घोड्याचं नाव आठवतोय," ज्योतिबा म्हणाले. "थांब जरा, सांगतो."