कुमुदकाकूंचं ऐकणं

कुमुदकाकू कुणाकडेही गेल्या की आधी भिंतीलगतची खुर्ची शोधत. सोफा कितीही मऊ असो, दाराकडे पाठ करून त्या कधी बसल्या नाहीत. "मागून कुणी आलं ना, की माझ्या काळजाचं पाणी होतं," असं म्हणत. इंग्लंडमध्ये साउथहॅम्प्टनला आम्ही काका-काकूंच्या शेजारी राहायला गेलो, त्या पहिल्याच दिवशी मी काकूंना बागेत मागून दोनदा हाक मारली आणि मग खांद्याला हात लावला. त्या किंचाळल्या. नंतर माझा हात धरून हसल्या.

लहानपणापासून त्यांचे दोन्ही कान वाहत. कानात घालायचं यंत्र लावलं की आठवड्याभरात पू. हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून त्यांनी उभी हयात काढली आणि रिटायर व्हायच्या सुमाराला ऐकू येणं फारच कमी झालं. हॉस्पिटलातल्या कानाच्या डॉक्टरांनी एक उपाय सुचवला होता. कानामागच्या हाडात टायटॅनियमचा छोटा स्क्रू बसवायचा, त्यावर बटणासारखं यंत्र अडकवायचं. आवाज कानाच्या वाटेनं न जाता हाडातून आत पोचतो. ऑपरेशनसाठी बोलावणारं पत्र आलं की काकू दर वेळी ते ड्रॉवरमध्ये टाकत. "अगं मेधा, दुसऱ्यांच्या हाडांना ड्रिल लागताना मी जन्मभर पाहिलंय. तो वास मला ठाऊक आहे. माझ्या डोक्याला नको."

एका मंगळवारी मी घरूनच काम करत होते. मधल्या भिंतीपलीकडून आवाज आला. आधी टीव्ही वाटला, मग शब्द कळले. "कुमुद... अगं कुमुद..." मी हेडफोन टाकून धावले. बेल दाबली की त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा लागत असे. तो पाहून काकूंनी दार उघडलं. हाताला कणीक, चेहऱ्यावर हसू. "ये ना, पोळ्याच करतेय."

वरच्या मजल्यावरून काका ओरडत होते. मला ते स्वच्छ ऐकू येत होतं आणि त्यांच्या बायकोला नाही.

"काकू, काका बोलावताहेत," मी त्यांच्यासमोर तोंड नेऊन सांगितलं. ओठांवरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले.

काका बाथरूमच्या फरशीवर पडले होते, खुब्याचं हाड मोडून. पाऊण तास हाका मारत होते. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये काकू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, "मी खाली गुणगुणत होते गं."

त्याच आठवड्यात त्यांनी ड्रॉवरमधलं पत्र बाहेर काढलं. ऑपरेशन फक्त ती जागा बधिर करून झालं. बाहेर आल्या तेव्हा चेहरा पांढराफटक. "एवढी बहिरी मी, पण ड्रिल ऐकू आलं. सगळ्या डोक्यात."

हाडानं स्क्रू धरेपर्यंत तीन महिने गेले. यंत्र लावलं त्या दिवशी त्या स्वतःच्याच कोटाच्या सळसळीला दचकल्या. घरी येऊन म्हणाल्या, "फ्रिज एवढं बोलतो, मला कुणी सांगितलंच नाही!" पुढचं वर्ष सुखाचं गेलं. नागपूरच्या बहिणीशी फोनवर भांडूसुद्धा लागल्या. काका मात्र अंथरुणाला खिळले होते, आणि त्यांचं हृदय थकत चाललं होतं.

मग स्क्रूभोवतीची कातडी चिघळली. क्रीम झालं, अँटिबायोटिक झालं. एके सकाळी काकू माझ्या दारात आल्या आणि मूठ उघडली. तळहातावर यंत्र होतं, आणि त्याला लागून तो इवलासा स्क्रू. "केस विंचरताना निघाला गं."

दुसऱ्या बाजूला नवा बसवता येईल, असं सर्जन म्हणाले. मी म्हटलं, "काकू, राहू द्या ना आता. पुन्हा ते सगळं? आणि तोही निघाला तर?"

"भीती तर वाटतेच. घास गिळवत नाही. पण हे बोलतात आणि मी नुसती मान हलवते. असंच एक दिवस शेवटचं काही बोलतील, आणि मी मान हलवेन."

पुन्हा ड्रिल, पुन्हा तीन महिने. तोवर त्या यंत्र पट्टीनं डोक्याला बांधत; कातडीवरून आवाज थोडाच पोचे. पण काकांचा आवाज इतका बारीक झाला होता की तेवढ्यानं भागत नव्हतं. लिहून सांगावं, तर काकांच्या हातात पेन ठरत नव्हतं. काकू रोज कॅलेंडरकडे बघत, मग काकांच्या छातीकडे. त्या दिवसांत त्यांच्या दाराशी जायला मला धीर होत नसे.

नवं यंत्र बसलं. त्यानंतर काका अठरा दिवस होते.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काकूंजवळ बसले होते. त्या म्हणाल्या, "शेवटचं काय बोलले, सांगू? 'खिडकी लाव, गार लागतंय.'"

त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं.

"एकदाच म्हणाले," काकू म्हणाल्या. "मी उठले आणि लावली."