टॅबला कुंकू

हैबतरावांनी कुठलीही वस्तू वाजवून बघितल्याशिवाय कधी घरात घेतली नाही. मडकं असो, फावडं असो, कौल असो नाहीतर ट्रॅक्टरचा पत्रा, बोटाचं पेर वाकवून ठक-ठक करायचं, कान लावायचा, मग मान हलवायची. "मला तेवढं वाजवून घेतलं न्हाई," गोजराबाई म्हणायच्या, "न्हाईतर तवाच माघारी धाडली असती." आणि खरं सांगायचं तर गावात त्यांच्या पारखीला मान होता. कुणाला कालवड घ्यायची झाली, पाण्याची मोटर घ्यायची झाली, की "अण्णांना न्या संगं" हे ठरलेलं.

कासारसाईच्या धरणाखाली त्यांचं गाव. निम्मी जमीन विकली, तिथं आता बारा मजले उभे राहिलेत. उरलेल्या निम्म्यात इंद्रायणी भात. घराच्या मागं खोल्या बांधून हिंजवडीत कामाला जाणारी पोरं भाडेकरू ठेवलेली. मुलगा दत्ता चाकणच्या कंपनीत पाळ्या करतो, सून शिवणकाम बघते, आणि नात गौतमी बारावीला. पोरगी हुशार. डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास ऑनलाईन करायची, पण तो मोबाईलवर. एवढ्याशा काचेत हाडांची चित्रं बघून बघून तिचे डोळे लाल व्हायचे, म्हणून टॅब घ्यायचं ठरलं.

आता टॅब म्हणजे काय ते अण्णांना ठाऊक नव्हतं, पण पारखी माणूस 'मला कळत नाही' असं कसं म्हणेल? त्यांनी मागच्या खोलीतल्या पियूषला बरोबर घेतलं. पियूष अकोल्याचा. दोन वर्षं त्यांच्याकडं राहात होता, गोजराबाईंच्या हातची भाकरी खात होता, घरातल्या सगळ्यांचे मोबाईल नीट करून देत होता. भाडेकरू म्हणायचा फक्त भाड्यापुरता.

बावधनच्या दुकानातल्या पोरानं तीन टॅब समोर मांडले. अण्णांनी लगेच पेर वाकवलं. पहिला वाजवला, "ह्यो डबडा हाय." दोन्ही हातांनी धरून जरा पिळला तर करकरला. दुसरा दिसायला झकास, पण गौतमीनं त्यात एकदम दोन गोष्टी उघडल्या आणि तो चिखलात बसलेल्या रेड्यासारखा हलेना. तिसरा पियूषनं हातात दिला. पाठ सगळी धातूची, पितळेच्या ताटासारखी गार. वाजवला तर आवाज भरीव. गौतमीनं धडा उघडला, चित्र मोठं केलं, पेननं खुणा केल्या, तर रेघ तिच्या हाताबरोबर पळत होती.

"किंमत?"

दुकानदारानं सांगितली. अण्णांच्या भुवया वर गेल्या. "आरं बाबा, एवढ्यात दुभती गाय येती. रोज दूध तरी देईल."

"काका, स्वस्तातला वर्षभरात रडायला लागतो," पियूष म्हणाला. "हा पाच वर्षं बघायला नको. गौतमी डॉक्टर होईपर्यंत चालेल."

"तुझ्या भरवशावर घेतोय हां," अण्णा म्हणाले, आणि घेतला.

इथपर्यंत सगळं बैजवार झालं. पुढचं मात्र अण्णांनी आपल्या हातानं केलं.

नवी वस्तू घरात आली की तिची पूजा व्हायची, हा घरचा रिवाज. ट्रॅक्टर आला तेव्हा झाली, पिठाची गिरणी आली तेव्हा झाली, गोजराबाईंच्या मिक्सरचीसुद्धा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाट मांडला, त्यावर टॅब ठेवला. गोजराबाई म्हणाल्या, "देवापुढं ठिवा, बास झालं." गौतमी म्हणाली, "आबा, नुसतं फूल वाहा ना." अण्णांनी ऐकलं नाही. टॅब हातात घेऊन ते त्याचं तोंड शोधायला लागले. ट्रॅक्टरला कुंकू नाकावर लागतं. ह्याला नाक नव्हतं, पण खालच्या कडेला चार्जिंगचं भोक होतं. "जिथनं लाईट पोटात जाती तेच त्याचं तोंड," अण्णा म्हणाले. "जीव तितनंच येतुया, मान तितंच द्यायचा." ओलं कुंकू बोटावर घेऊन त्यांनी त्या भोकावर ठसठशीत टिळा लावला, वर अक्षता दाबल्या, नारळ फोडला आणि त्याचं पाणी शिंपडलं. "आबा!" म्हणून गौतमी ओरडली आणि ओढणीनं पुसायला धावली, तर अण्णांनी तिचा हात धरला. "देवाचं पुसू नगं."

संध्याकाळी पियूष कामावरून आला. त्यानं पेढा खाल्ला. टॅब तोवर कपाटात होता.

चार-दोन दिवस टॅब पळाला. मग चार्जिंग व्हायला कुरकुर करायला लागला. मग अजिबात होईना. ज्या दिवशी गौतमीची सराव परीक्षा होती त्याच सकाळी काच काळीठिक्कर पडली. पोरगी रडवेली झाली. धीर करून म्हणाली, "आबा, ते कुंकू तर आत..."

"कुंकवाला नावं ठेवतीस?" अण्णा असे खेकसले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. "सात वर्सं झाली ट्रॅक्टरला कुंकू लावतुया. बिघडला कंदी? मालच खोटा हाय त्यो!"

पोरगी टॅब उचलून आत गेली. अण्णांच्या डोक्यात मात्र भुंगा शिरला. गाईची किंमत मोजली, आणि ही पत्र्याची पाटी आठवड्यात मेली? दुकानात तीन टॅब होते, त्यातला सगळ्यात महागच का घ्यायला लावला त्यानं? सकाळ होईस्तोवर अण्णांनी मनातल्या मनात पियूषचं कमिशनसुद्धा ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी कुशाबाच्या दूध डेअरीवर निम्मं गाव कॅन घेऊन उभं होतं. अण्णा टॅब पिशवीत घालूनच गेले, लोकांना दाखवायला. दुसरा कॅन घेऊन गौतमी मागं होती. तेवढ्यात पियूष अर्धा लिटर दूध न्यायला आला.

"या, या! कमिशनखाऊ आले!" अण्णांनी सगळ्यांसमोर आवाज चढवला. "दोन वर्सं माझ्या घरची भाकरी खाल्लीस, आन् माझ्याच नातीच्या नरड्यावर सुरी फिरवलीस व्हय रं? किती दिलं दुकानदारानं?"

पियूषचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं टॅब हातात घेतला, उजेडाकडं धरून खालची कड बघितली. त्याचे ओठ हलले. मग त्यानं गौतमीकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. त्यानं टॅब परत पिशवीत ठेवला आणि म्हणाला, "काका, मी कुणाकडून काही घेतलेलं नाही."

"मग खोली रिकामी कर. आजच्या आज!"

कुशाबा म्हणाला, "परक्यावर इस्वास ठेवला की असंच हुतंय अण्णा." चार माना हलल्या. अण्णांना बरं वाटलं. पियूषनं संध्याकाळी सामान भरलं. जाताना गोजराबाईंच्या पाया पडला. त्या दोन दिवस अण्णांशी बोलल्या नाहीत, पण त्याचं अण्णांना काही वाटलं नाही. आपण खरे, असा माणसाला भरवसा असला की बायकोचा अबोलासुद्धा गोड लागतो.

त्यांना आता एकच हवं होतं. माल खोटा आहे असं कंपनीच्या माणसाच्या तोंडून वदवून घ्यायचं, दुकानदाराच्या तोंडावर मारायचं आणि डेअरीवर येऊन सांगायचं. म्हणून ते गौतमीला घेऊन बावधनला कंपनीच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. समोर शुभांगी नावाची एक तरणी पोरगी बसली होती. तिनं टॅब घेतला, डोळ्याला भिंग लावलं आणि बारीक चिमट्यानं भोक कोरायला लागली.

"माल खोटाच हाय न्हवं?" अण्णा पुढं वाकून म्हणाले.

शुभांगी कोरतच राहिली. पांढऱ्या कागदावर आधी लाल भुकटी पडली. मग वाळून चिकटलेला लाल लगदा निघाला. मग चिमट्याच्या टोकाला काहीतरी आलं. तिनं ते कागदावर ठेवलं आणि म्हणाली, "काका, हे काय आहे हो? मला ओळखू येत नाही."

अण्णांना ओळखू आलं. जन्म गेला त्यांचा त्याच्यात. तांदळाची कणी होती, कुंकवानं लाल झालेली. त्यांच्या वावरातला इंद्रायणी.

शुभांगी आपल्या नादात बोलत होती. "टॅब एक नंबर आहे हां, काका. हलका असता तर ओल आत उतरून सगळंच जळालं असतं. ह्याच्या आत थेंब गेला नाही. दिलेले पैसे वसूल आहेत तुमचे." तिनं वायर जोडली. काचेवर उजेड आला. गौतमीनं धडा उघडला, तर हाडाचं चित्र जिथं अर्धवट राहिलं होतं तिथूनच पुढं सुरू झालं.

अण्णांनी गौतमीकडं बघितलं नाही. बघवलंच नाही. अंगावरचे कपडे भर बाजारात कुणी ओढून घ्यावेत तसं त्यांना झालं होतं. कान तापले होते. शुभांगी कागद चुरगाळायला लागली तशी ते म्हणाले, "दे तो हिकडं," आणि कणी कागदाच्या पुडीत बांधून खिशात घातली.

रस्त्यात ते कसंबसं बोलले. "तुला ठावं हुतं?"

"वाटत होतं."

"आन् त्याला?"

"त्याला डेअरीवरच कळलं, आबा. त्यानं लाल बघितलं. मी नको म्हणून खुणावलं. तुमची शोभा झाली असती सगळ्यांसमोर." आणि मग ती एकदम हुंदके द्यायला लागली. "त्याची झाली तरी मी गप्प बसले."

अण्णा रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर बसले. पोरीला जवळ घ्यावं असं फार वाटलं, पण हात उचलेना. आपली लाज झाकायला ह्या लेकराला खोटं गिळावं लागलं, ह्या विचारानं त्यांना स्वतःची किळस आली.

गोजराबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "आता जा त्याच्या दारात. ताठ मानेनं हाकललंत, खाली मानेनं जा."

ते गेले. पियूष बावधनलाच दोन पोरांत खोली घेऊन राहिला होता. त्यानं पाणी दिलं, खुर्ची पुढं केली. ह्या सगळ्या मायेनं अण्णांना जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पोरा, चुकलो," ते म्हणाले. सबंध आयुष्यात हा शब्द त्यांनी कुणापुढं उच्चारला नव्हता. "चल माघारी. खोली तुजीच हाय."

"नाही, काका. राग नाही माझा. पण आता तिथं घास उतरायचा नाही." तो थोडा घुटमळला. "एक मात्र आहे. माझ्या ऑफिसातली दोन पोरं अजून तुमच्या गावात राहतात. डेअरीवर गेली की लोक म्हणतात, आले कमिशनवाल्याचे दोस्त. परवा त्यांना दूध नाही म्हणून परत पाठवलं. तेवढं..."

"म्या बोलीन," अण्णा म्हणाले.

म्हणणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी डेअरीवर कुशाबानंच विषय काढला, "काय अण्णा, टॅबाचं काय झालं? भंगारच निघाला न्हवं?" अण्णांनी तोंड उघडलं. सगळे बघत होते. ज्यांच्या गाया, ज्यांच्या मोटरी त्यांनी पारखून दिल्या होत्या ती सगळी माणसं. "बघू... देवाला म्हाईत," एवढंच पुटपुटून ते कॅन ओतून घरी आले. आल्या आल्या ओसरीवर गौतमीनं मान वर केली. "बोललात, आबा?" त्यांनी मान फिरवली. पोरगी पुन्हा टॅबमध्ये बघायला लागली. ती काही म्हणाली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

पुढच्या सकाळी ते गेले तेव्हा ती दोन पोरं रांगेच्या पार शेवटी, भिंतीला खेटून उभी होती. कुणी त्यांना पुढं येऊ देत नव्हतं. अण्णांनी कॅन खाली ठेवला, खिशातून पुडी काढली आणि तळहातावर उघडली.

"कुशाबा, हिकडं बघ. समदी बघा."

"काय हाय ते?"

"तांदूळ. माझ्या वावरातला. टॅबाच्या तोंडात म्याच कोंबला. कुंकू म्याच लावलं, नारळाचं पानी म्याच वतलं. पोरगी नगं नगं म्हनत हुती." त्यांचा आवाज फाटला, पण ते थांबले नाहीत. "त्या पोरानं छदाम खाल्ला न्हाई. त्याला ठावं झालं हुतं, तरीबी माझी लाज राखाय गप बसला. आन् मी हितं, ह्याच जाग्यावर, त्याला उघडा केला."

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. "अक्षता टाकल्या व्हय! मग वरात कवा, अण्णा?" आणि डेअरी खदाखदा हसायला लागली. कुशाबासुद्धा माप हातात धरून हसत होता. अण्णांना ह्याच हसण्याची धास्ती होती. ते तसेच उभे राहिले, हात पुढं धरून.

हसू ओसरल्यावर कुशाबा डोळे पुशीत म्हणाला, "म्हंजी टॅब चांगला निघाला म्हना की."

"टॅब दिल्या पैशाला जागला," अण्णा म्हणाले. "मी त्या लेकराच्या मायेला जागलो न्हाई."

मग कुणी हसलं नाही. अण्णांनी मागं वळून त्या दोन पोरांना हातानं पुढं बोलावलं, त्यांची पिशवी स्वतः कुशाबाच्या हातात दिली, आणि आपला कॅन उचलून रांगेच्या शेवटी, भिंतीपाशी जाऊन उभे राहिले.